न छापलेल्या फोटोंची शाई

फोटो स्टुडिओच्या काउंटरपाशी उभ्या गिऱ्हाइकाला वाटतं, शाई फोटोत जाते. काउंटरच्या अलीकडे बसणारीचा हिशेब वेगळा असतो. आमच्या सहा रंगांच्या प्रिंटरची शाई मंदीच्या महिन्यांत फोटोंवर कमी पडते आणि फोटो न निघालेल्या दिवसांपायी जास्त जाते. हे मी पहिल्यांदा बोलले तेव्हा नवऱ्याने मला वेड्यात काढलं होतं. म्हणाला, "बंद मशीन शाई कशी पिईल?" त्याचंही बरोबरच होतं. बंद मशीन पीत नाही, चालू करताना पिते.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीतलं आमचं दुकान मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनचं. नवरा कॅमेरा घेऊन लग्नं, वाढदिवस, शाळांचे ग्रुप फोटो करत तालुकाभर फिरतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, कटर आणि काउंटर माझ्याकडे. वर्षभर सारखं काम असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण ते झुंडीने येतं. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, वसतिगृहाचे अर्ज, शिष्यवृत्त्या. त्या दिवसांत प्रिंटरला उसंत नसते. मग धानाची रोवणी लागते. पवनी-लाखांदूरकडचा माणूस बांधीत वाकलेला असतो, त्याला फोटोशी काय देणंघेणं? दिवसच्या दिवस झेरॉक्सशिवाय काही नाही, आणि झेरॉक्सचं मशीन वेगळं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरू लागल्या, गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागली की थोडी हालचाल होते. उन्हाळ्यात लग्नं असतात, पण लग्नाचे अल्बम नागपूरच्या लॅबमध्ये छापले जातात; माझ्या प्रिंटरच्या वाट्याला त्यातले सुटे चार फोटो येतात.

२०२४ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये मात्र रोवणीचा हा नियम मोडला. 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले आणि कागदपत्रांच्या यादीत पासपोर्ट साइज फोटो होता. पायांचा चिखल तसाच, साडीचा काष्टा तसाच, अशा बाया एका ऑटोत बसून यायच्या. खुर्चीवर बसून चेहरा पदराने पुसायच्या आणि विचारायच्या, "आजच भेटन नं जी?" त्या दोन महिन्यांत प्रिंटरने एकदाही त्रास दिला नाही. एक रेघ चुकली नाही, एक रंग बसला नाही. भरपूर काम असलं की हे यंत्र नीट चालतं आणि काम नसलं की आजारी पडतं, हे त्या वर्षी नवऱ्यालाही पटलं.

असं का होतं ते सांगते. इंकजेटच्या हेडमध्ये प्रत्येक रंगाच्या छिद्रांची रांग असते. आमच्याकडे काळा, निळा, गुलाबी, पिवळा आणि त्याशिवाय फिका निळा आणि फिका गुलाबी असे सहा रंग. चेहऱ्यावरच्या सावल्या मऊ उतरतात त्या या दोन फिक्या रंगांमुळे. छिद्रं केसापेक्षा बारीक. त्यांतून उडणारा लहानात लहान थेंब दीड पिकोलिटरचा, म्हणजे एक मिलिलिटर शाईत असे सहासष्ट कोटींच्या वर थेंब. एवढ्या बारीक तोंडाशी शाई थांबली की पाणी उडून जातं आणि रंग तिथेच घट्ट होतो. म्हणून छपाई संपली की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. टोपी खालून हवा अडवते. पुन्हा सुरू करताना, किंवा बरेच दिवस गेले असं वाटलं तर, प्रिंटर त्याच टोपीतून छोट्या पंपाने शाई ओढून घेतो, म्हणजे साचलेलं निघून छिद्रं मोकळी होतात. ओढलेली शाई नळीतून खाली जाते आणि तळाच्या पॅडमध्ये मुरते. धंद्यात त्याला वेस्ट इंक पॅड म्हणतात.

यात खटकणारी गोष्ट अशी, की एकच रंग बंद पडलेला असला तरी आमच्या प्रिंटरवर साफसफाई सहाही रंगांची होते. नोझल चेकच्या कागदावर फिक्या गुलाबीच्या दोन रेघा तुटलेल्या दिसतात, आणि त्या जोडण्यासाठी पिवळा, काळा, निळा सगळे गटारात जातात. तेवढ्याने भागलं नाही की पॉवर क्लिनिंग. ते मारलं की टाक्यांमधली पातळी डोळ्यांसमोर खाली सरकते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २०१३ साली प्रिंटर अधूनमधून वापरून पाहिले होते. त्यात बऱ्याच मॉडेलांमध्ये निम्मी किंवा त्याहून कमी शाई कागदावर पोचली, काहींमध्ये तर २० ते ३० टक्केच. ते प्रिंटर घरगुती होते, कार्ट्रिजवाले. पण आकडा वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

आमच्याकडे मामाजींची डार्करूम होती तेव्हाचा हिशेब सरळ होता. मी १९९८मध्ये लग्न होऊन आले तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट अर्जंट फोटो अजून चालत. लाल दिवा, डेव्हलपरची ट्रे, हायपोची ट्रे, दोरीवर चिमटे. हायपो म्हणजे फिक्सर. फोटोवर जिथे प्रकाश पडला नाही तिथली चांदी त्यात विरघळते. मामाजी वापरलेला हायपो फेकत नसत, कॅनमध्ये साठवत. नागपूरहून एक माणूस येऊन तो विकत घेऊन जायचा आणि त्यातली चांदी काढायचा. फार पैसे नसायचे, पण वाया गेलेल्या पाण्यालाही गिऱ्हाईक होतं. वेस्ट इंक पॅडला कुणी गिऱ्हाईक नाही. भंगारवालासुद्धा ते हातात घेत नाही, हात रंगतो म्हणून.

रंगीत फोटो आले तेव्हा रोल नागपूरला जायचे. सकाळच्या एसटीने पाकीट उमरेड मार्गे सीताबर्डीला, दुसऱ्या दिवशी फोटो परत. अर्जंट असलं तर माणूसच जायचा. डिजिटल कॅमेरा आला आणि वाटलं, आता नागपूर सुटलं. पहिला फोटो प्रिंटर घेतला तो कार्ट्रिजचा. कार्ट्रिज एवढीशी, किंमत एवढी मोठी. मग भंडाऱ्यातल्या एका मेकॅनिकने बाहेरून बाटल्या लावून दिल्या. कार्ट्रिजला भोकं, त्यात बारीक नळ्या, नळ्यांची पट्टी झाकणाखालून बाहेर, शेजारी प्लास्टिकच्या टाक्या. कंपनीच्या वॉरंटीला तो जुगाड चालत नव्हता, पण आशियात ठिकठिकाणी दुकानदारांनी तोच केला होता. शेवटी एका जपानी कंपनीने २०१० साली इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर बाजारात आणला, आणि पुढे तो भारतातही आला. आज प्रत्येक सेतू केंद्रात जो टाकीचा प्रिंटर दिसतो त्याच्या मुळाशी आमच्यासारख्यांच्या टेबलावरचा गुंता आहे. त्याबद्दल कुणी आम्हाला धन्यवाद दिल्याचं ऐकलं नाही.

टाकीने शाई स्वस्त केली आणि त्याबरोबर वाया जाण्याचं दुःखही स्वस्त केलं. कार्ट्रिजच्या काळात क्लिनिंगचं बटण दाबताना हात थरथरायचा. आता सत्तर मिलिलिटरची बाटली ओतली की महिनाभर कुणी पाहत नाही. तळाशी काय साचतंय ते तर अजिबातच नाही.

इंकजेटमध्ये मुळात दोन पंथ आहेत. एकात शाई तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंब ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली इचिरो एंडो यांच्याकडून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली, त्यातून ही कल्पना निघाली. एचपीचा थिंकजेट १९८४मध्ये आला तोही त्याच तत्त्वाचा. त्यांच्या बऱ्याच मशिनांत हेड कार्ट्रिजबरोबरच बदलतं. दुसऱ्या पंथात विजेने आकसणारा-फुगणारा पिझो स्फटिक शाईला धक्का देतो. तिथे हेड कायमचं, मशीन असेपर्यंतचं. रंग आणि थेंब यांवर त्याचा ताबा चांगला, म्हणून फोटोवाल्यांची पसंती त्याला. पण हेड गेलं तर नव्याची किंमत ऐकून माणूस मशीनच नवीन घेतो. तेव्हा पिझोवाल्याने क्लिनिंगवर शाई उधळायची की हेड गमवायचं, एवढीच निवड उरते. आम्ही शाई उधळतो.

आता आमच्या हवेचं बघा. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, हवा कोरडी ठाक. दुपारी वीज गेली आणि त्या वेळी छपाई चालू असली, तर हेड मध्येच उभं राहतं, टोपीवर जात नाही. तासाभराने वीज आली की पहिली दहा मिनिटं साफसफाईत. कूलर लावला तर त्याची ओल छिद्रांना बरी असते, पण चकचकीत कागद त्याच ओलीने वळतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. म्हणून आमच्या दुकानात कागद कपाटात, प्रिंटर कूलरच्या झोतापासून दूर आणि मी झोतात. कापणीनंतर धानाची धूळ उडते ती निराळीच. प्रिंटरमध्ये हेड कुठे आहे हे ओळखण्यासाठी एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर बारीक रेघा आखलेल्या. त्या पट्टीवर धूळ आणि वंगण बसलं की हेड वाट चुकतं, धाडकन कडेला आदळतं आणि लाल दिवे लागतात. मऊ ओल्या कपड्याने पट्टी पुसली की बरं होतं. हे कळेपर्यंत अशा चालत्या मशिनी लोकांनी भंगारात घातलेल्या मी पाहिल्यात.

आणि एक सवय, जी मोडायला मला घरातल्यांशी भांडावं लागलं. रात्री दुकान बंद करताना आपल्याकडे बोर्डाचं बटण खाली पाडतात, एका फटक्यात सगळं बंद. प्रिंटर असा बंद करायचा नसतो. आधी त्याचं स्वतःचं बटण दाबायचं, हेड टोपीवर बसल्याचा आवाज ऐकायचा, मग बोर्ड. आता आमच्याकडे प्रिंटरचा प्लग वेगळ्या पॉइंटवर आहे, आणि त्यावर मी चिकटपट्टी लावून लिहिलंय, "हात लावू नये."

शाईचा हिशेब इथवर पैशाचा आहे. भरवशाचा हिशेब त्याहून जड.

आमच्याकडे तेरवीचा फोटो हे एक ठरलेलं काम. घरातलं माणूस जातं, तेरवीला हार घालायला फ्रेम लागते. पुष्कळदा त्या माणसाचा धड फोटोच नसतो. एकदा दोघे भाऊ आले, आईचं आधार कार्ड घेऊन. तेवढाच एक फोटो, बोटाच्या पेराएवढा. तो स्कॅन करून, डाग काढून, मागे निळा पडदा टाकून मी ८ बाय १२चा करायला घेतला. तेरवी दुसऱ्या दिवशी, पाहुणे घरी येऊन बसलेले. रोवणीचे दिवस, प्रिंटर आठवडाभर थंड होता. पहिला कागद निघाला तर चेहरा हिरवट. फिका गुलाबी बसला होता. मोठा भाऊ बराच वेळ कागदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "आमची माय अशी नव्हती जी." क्लिनिंग, पुन्हा नोझल चेक, पुन्हा क्लिनिंग, रात्री पॉवर क्लिनिंग. रंग आला तेव्हा दुकानासमोरचा रस्ता निर्मनुष्य झाला होता. फ्रेमचे पैसे जे ठरले होते तेच घेतले. त्या एका फोटोपायी पॅडमध्ये गेलेल्या शाईत पासपोर्टचे किती सेट निघाले असते, हे त्या दोघांना सांगण्यात अर्थ नव्हता.

वाघाचं काम मात्र सोपं असतं, हे जाता जाता. उमरेड-करांडला अभयारण्यात 'जय' नावाचा वाघ होता तेव्हा त्याचे फोटो मोठे करून घ्यायला लोक यायचे. २०१६मध्ये तो दिसेनासा झाला तरी काही दिवस मागणी होती. एखादं छिद्र बंद असलं की फोटोवर आडव्या रेघा येतात, आम्ही त्याला बँडिंग म्हणतो. वाघाच्या अंगावर ती कुणाला दिसत नाही.

२०२० साल या सगळ्याची परीक्षा घेऊन गेलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. दुकान बाजारात, घर दुसऱ्या वॉर्डात, मधे पोलिसांची नाकाबंदी. ऐन उन्हाळ्याचे दोन महिने प्रिंटर बंद शटरमागे पत्र्याच्या छताखाली भाजत राहिला. उघडलं तेव्हा सहापैकी तीनच रंग उमटले. क्लिनिंग करत करत बाटल्या संपवल्या. एक रंग परत आला, दोन आलेच नाहीत. नागपूरच्या एका सर्व्हिसवाल्याने हेडची किंमत सांगितली, तेवढ्यात जवळपास नवं मशीन येत होतं. त्या उन्हाळ्यात फोटोवाल्यांच्या बोलण्यात लग्नं बुडाल्याचं दुःख होतं आणि त्याच्या पाठोपाठ हेडचं.

त्याच पावसाळ्यात पूर आला. ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत आलं, वर आपल्याकडचा पाऊस. गोसेखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडले, आणि भंडारा शहरापासून पवनी-लाखांदूरपर्यंत नदीकाठची घरं पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर पंचनाम्यांसाठी झेरॉक्सला रांग लागली, तशीच दुसरी एक रांग माझ्याकडे लागली. लोक ओले अल्बम घेऊन यायचे. फोटो एकमेकांना चिकटलेले, वर गाळ. मामाजींनी शिकवलेलं आठवलं. सुकू द्यायचं नाही, स्वच्छ गार पाण्यात सोडायचं, आपोआप सुटतील तसे वेगळे करायचे आणि चिमट्याने टांगायचे. जुने लॅबचे फोटो, नव्वदच्या दशकातले, तीस-तीस वर्षांचे, पुष्कळसे वाचले. कडा गेल्या, कोपऱ्याला डाग राहिला, पण माणसं ओळखू येत होती.

माझ्या प्रिंटरवरचे फोटो वाचले नाहीत. पाण्यात घातल्यावर रंग सुटून पाणीच रंगीत झालं, काहींचा वरचा थर कागदावरून सालीसारखा निघाला. आमच्या प्रिंटरची डाय शाई पाण्यात विरघळणारी असते, स्वस्त चकचकीत कागद तिला पकडून ठेवत नाही. एका घरचा २०१०च्या लग्नाचा लॅबमधला अल्बम राहिला आणि २०१७च्या बारशाचे माझ्याकडून काढलेले फोटो गेले. बाळाच्या आजीने मला विचारलं, "नवे कसे गेले बाई, अन् जुने राहिले?" तेव्हापासून बारसं, साखरपुडा, घरभरणी असा ठेवणीतला फोटो कुणी मागितला तर मी स्वतः सांगते, हा नागपूरच्या लॅबमधून आणते, दोन दिवस थांबा. थांबायला तयार नसेल त्याला लॅमिनेशन करून देते आणि मूळ फाइल मोबाइलवर टाकते.

टाळेबंदीनंतर घेतलेला प्रिंटर दोन-अडीच वर्षांनी एका सकाळी काही न होता थांबला. पडद्यावर मजकूर आला, इंक पॅडचं आयुष्य संपलं, सर्व्हिस सेंटरशी संपर्क करा. छपाई पूर्ण बंद. रंग ठीक, हेड ठीक, कागद ठीक, काही तुटलेलं नाही. झालं असं होतं की पॅडमध्ये किती शाई गेली असेल याचा अंदाज प्रिंटर आतल्या चिपमध्ये मोजत जातो, आणि आकडा भरला की स्वतःला कुलूप लावतो. शाई तळातून गळून टेबलावर येऊ नये म्हणून ही सोय, आणि तेवढ्यापुरती ती योग्यही आहे. पण पॅड खरंच भरलंय का हे चिप पाहत नाही, ती फक्त मोजते.

मेकॅनिक आला. आधी त्याने लॅपटॉपवरून रिसेट मारला. त्यासाठी एक 'की' लागते, ती इंटरनेटवर पैसे देऊन मिळते, एका वेळेला एक. मग मशीन उलटं करून मागची पेटी काढली. पॅड काळं, जड, शाईने थबथबलेलं. मी पहिल्यांदाच पाहत होते. वर्षानुवर्षं जे हिशेबाच्या वहीत सापडत नव्हतं ते सगळं तिथे होतं. त्याने बादलीत पॅड पिळलं, पाणी बदललं, पुन्हा पिळलं. बादल्या मोरीत. आमच्या मोरीचं पाणी नालीत, नालीचं वैनगंगेत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं म्हणून आम्ही पवनीकर ओरडतो. आमच्या बादल्या त्या मानाने थेंबभर, तरी त्या दिवसापासून पॅड धुवायला मी देत नाही. जुनं पॅड पिशवीत बांधून ठेवते आणि नवं टाकून घेते. ई-कचऱ्याच्या नव्या नियमांत, जे एप्रिल २०२३पासून लागू झाले, प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही आहेत. तालुक्याच्या गावात ती पिशवी घ्यायला अजून कुणी दारात आलेलं नाही.

एका मोजणीच्या आकड्यापायी चालतं मशीन बंद पडावं, हा प्रश्न फक्त पवनीचा नाही. फ्रान्सने २०१५ साली कायदा करून वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं हा गुन्हा ठरवला, आणि २०१७मध्ये तिथल्या हॉप नावाच्या संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्धच पहिली तक्रार केली. त्यात पॅड भरल्याचा खोटा इशारा हाही मुद्दा होता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी क्षेत्रं घेतली. ट्रॅक्टरवाल्यांना त्याचा उपयोग होईल, व्हावाही. पण शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरइतकाच प्रिंटर हाही आमचा रोजीचा धनी आहे. त्याचा मोजणीचा आकडा शून्यावर आणायला चोरबाजारी की लागू नये, मालकाला तो स्वतः करता यावा, एवढं साधं मागणं आहे.

काही कंपन्यांनी ते अर्धं ऐकलंय. नव्या मॉडेलांमध्ये मेंटेनन्स बॉक्स येतो, शाई पिणारा डबा, त्याला स्वतःची चिप. भरला की स्क्रू काढून नवा बसवायचा, मशीन पुन्हा चालू. शाई तेवढीच वाया जाते, पण निदान दिसते. डबा हातात घेतला की वजन कळतं.

भंडाऱ्यातल्या ओळखीच्या एका स्टुडिओने दुसरी वाट धरली. त्यांनी पासपोर्टसाठी रिबनचं मशीन घेतलं. त्यात शाईच नाही. पिवळ्या, गुलाबी, निळ्या रंगाची रिबन तापवून रंग कागदावर उतरवतात आणि वरून पारदर्शक थर देतात. महिनाभर बंद ठेवलं तरी पहिला फोटो नीट येतो, पाणी सांडलं तरी रंग सुटत नाही. डीएनपीच्या आरएक्स१ एचएस जातीच्या मशीनला एका रोलमध्ये ४ बाय ६चे ७०० फोटो निघतात, ना एक कमी ना एक जास्त, त्यामुळे एका फोटोला किती पडलं हे सकाळीच सांगता येतं. वाया तिथेही जातं. पांढरा कागद छापा की भरलेला, प्रत्येक फोटोला रिबनचा पूर्ण तुकडा खर्च. शिवाय वापरलेल्या रिबनवर प्रत्येक माणसाचा चेहरा उलटा उमटलेला असतो, ती नुसती कचऱ्यात टाकू नये. पण मशीन महाग, ८ बाय १२ निघत नाही, आणि तेरवीची फ्रेम काही ४ बाय ६मध्ये होत नाही. म्हणून मी अजून शाईवर आहे.

शाईवर राहून जे जमतं ते करते. रिकाम्या दिवसांत एक दिवसाआड सहाही रंग येतील असा एक लहान रंगीत तुकडा छापते, क्लिनिंगपेक्षा त्यात शाई कितीतरी कमी लागते. पासपोर्टचा कागद कडेपर्यंत छापत नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६मध्ये चारी बाजूंनी पांढरी जागा सोडून बसतात. कडेपर्यंत छपाई लावली की प्रिंटर कागदाच्या बाहेरही शाई उडवतो आणि ती आतल्या वेगळ्या स्पंजात जाते, त्याचीही मोजणी चिप ठेवते. क्लिनिंग दोनदा मारून रंग आला नाही तर तिसऱ्यांदा मारत नाही, रात्रभर मशीन तसंच ठेवते. सकाळी बहुतेक वेळा रंग आलेला असतो, कारण घट्ट झालेली शाई ओली व्हायला वेळ लागतो, जोर लागत नाही. आणि आठ फोटोंचा दर मी दहा रुपयांनी वाढवला. शेजारच्या सेतूवाल्याने वाढवला नाही, काही गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्याच्या प्रिंटरमधून आडव्या रेघा यायला लागल्यावर त्यातली अर्धी परत आली.

तेव्हा माझ्यासारख्या तालुक्याच्या दुकानदारांना एक विनंती. प्रिंटर घ्यायला जाल तेव्हा डीलर मिनिटाला किती फोटो निघतात ते सांगेल, शाईची बाटली किती पुरते ते सांगेल. ते ऐकून घ्या आणि मग विचारा, पॅडचा डबा दुकानात बसून मला बदलता येतो का, तो किती रुपयांना आणि कुठे मिळतो. उत्तर तोंडी घेऊ नका. बिलाच्या मागे लिहून, सही करून घ्या.